येणाऱ्या, जाणाऱ्या

थॉर्नली, १२ मे २०२२

प्रिय लोर्ना आत्या,

फोनवर बोलण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी "आम्ही हरलो" म्हणाले, तर तू "अगदी छान झालं" म्हणालीस. तेव्हा तुझ्या कानांना सुट्टी देऊन पत्र लिहिते आहे.

आम्ही परत हरलो, चार गोलांनी. बसमधून उतरताना पोरी रडत होत्या आणि हॅलोरन मला बाजूला घेऊन म्हणाला, "उद्या आठला माझ्या खोलीत. फळा पुसून ठेव." आमचा हा मुख्य प्रशिक्षक हरल्याचं दुःख बारा तासही करत नाही. सकाळी गेले तर फळ्यावर दोन रकाने आखून तयार. डावीकडे 'येणाऱ्या', उजवीकडे 'जाणाऱ्या'.

येणाऱ्या म्हणजे पोर्टलवर नाव घातलेल्या, कॉलेज बदलायला निघालेल्या मुली. मी सहायक, म्हणजे त्यांची यादी करणं माझं काम. प्रत्येक नावासमोर शेरा लिहायचा. उंची, वेग, परीक्षेचे मार्क. शिवाय बाकीचंही. "वडील कटकटे." "घर नुकतंच मोडलंय, पटकन हो म्हणेल." हा दुसरा शेरा माझ्याच अक्षरातला आहे, आत्या. तो लिहून मी उठले आणि साबणाने हात धुऊन आले.

जाणाऱ्यांमध्ये पहिलं नाव ब्रिजिटचं. तिला मी पंधराव्या वर्षापासून ओळखते. तिच्या घरी जेवले आहे. वाढताना तिची आई म्हणाली होती, "आमची पोर तुमच्या हवाली." तीन वर्षं ती जीव तोडून खेळली. आता तिच्या जागी पोर्टलवरची कुणीतरी अर्ध्या सेकंदाने पुढे पळते. ब्रिजिटला अजून काही माहीत नाही. काल तिने मला विचारलं, "उन्हाळ्यात कुठला व्यायाम वाढवू?" मी सांगितला.

बरं, दुसरं. शनिवारचा तुझ्या कॉलेजच्या संघाचा अंतिम सामना मी कॉम्प्युटरवर पाहिला. चौतीस वर्षांनी चषक आणलास, अभिनंदन. तुझ्या गोलात उभी होती ती एकतीस नंबरची मुलगी कोण? सतरा चेंडू अडवले तिने. सहज विचारते आहे.

तुझी
मारेन

*

पाइक फॉल्स, २० मे २०२२

मारेन,

तुझं पत्र वाचलं आणि मला तुझ्या आजोबांबरोबरचे गुरांचे लिलाव आठवले. तिथे निदान गाईचे दात तिच्यासमोर उघडून बघायचे. तुमचा हॅलोरन फळ्यावर बघतो. मागच्या वर्षी माझ्या एका पोरीला या पोर्टलवरून तीन दिवसांत एकोणीस फोन आले. विसाव्याला तिने फोन सूपच्या पातेल्यात टाकला. तिच्या आईने सूप फेकलं नाही, एवढंच कौतुक.

तू हात धुतलेस ते बरं केलंस. पण शेरा पुसलास का, ते लिहिलं नाहीस.

एकतीस नंबर म्हणजे रेनी गूले. नदीकाठच्या शेवटच्या गल्लीतली. बाप हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. आई वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात. मोठा भाऊ ल्यूक गॅरेजमध्ये. पोर लहानपणापासून मुलांच्या संघात आइस हॉकी खेळली, गोलात उभी राहून. माझ्याकडे आली तेव्हा लक्रॉसची, टोकाला जाळी असलेली काठी तिने झाडूसारखी धरली होती. मी म्हटलं, "काठीचं नंतर बघू. चेंडू अंगावर आला की डोळे मिटतेस का?" म्हणाली, "मिटून काय करू? मग दिसणार नाही." त्या दिवशी मी तिला गोलात उभी केली. आता शंभरातले साठ चेंडू अडवते. बोलत नाही फार. बसमध्ये सगळ्यांच्या उलट्यांची पिशवी तीच धरते.

तीस एप्रिलच्या सामन्यात मात्र एक चेंडू कानावर बसला. हेल्मेट होतं, पण तो रबराचा गोळा कसा असतो ते तुला सांगायला नको. परतताना म्हणाली, "कोच, रस्त्यावरचे पट्टे दोन-दोन दिसतायत." दोन दिवस अंधारात झोपवून ठेवली. डॉक्टरांना दाखवलं, ते ठीक म्हणाले. आठवड्यात टुणटुणीत झाली आणि अंतिम सामना तू पाहिलासच.

चषक दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलाय. कपाट मोठं आहे, त्यात तो एकटाच. मी येता-जाता बघते, खोटं कशाला बोलू.

ब्रिजिटला सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे.

लोर्ना आत्या

*

थॉर्नली, ६ जून २०२२

प्रिय आत्या,

ब्रिजिटला मी सांगायच्या आधीच हॅलोरनने बोलावलं. मला सोबत बसवलं होतं, साक्षीदार म्हणून. तो टेबलावर पाय ठेवून नखं कापत होता. ती आत आली तरी थांबला नाही. म्हणाला, "ब्रिजिट, तुझ्यासाठी दुसरीकडे जास्त खेळायला मिळेल असं आम्हाला वाटतं." नखाचा एक तुकडा उडून तिच्या बाजूला पडला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वहीत बघत होते. सहा मिनिटांत सगळं आटोपलं. जाताना ती "थँक यू" म्हणाली. आत्या, तिला कुणीतरी तसंच वळण लावलंय, आणि ते कुणीतरी मीच आहे.

त्या नखाच्या तुकड्याची शिसारी अजून जात नाही. जेवताना आठवतो.

बाकी ठीक. तुझ्या गुडघ्यांना तेल लाव. कामात आहे, फार लिहीत नाही.

मारेन

*

पाइक फॉल्स, २७ जून २०२२

मारेन,

काल संध्याकाळी रेनी आली. ताज्या चीजची पुडी घेऊन आली. दाताखाली करकरतं ते, मला आवडतं म्हणून. पुडी पायरीवर ठेवली आणि उभीच राहिली. मी म्हटलं, "बस ना." बसली नाही.

म्हणाली, "कोच, मी पोर्टलवर नाव घातलं."

मी म्हटलं, "कधी?"

"सोमवारी. आणि मंगळवारी थॉर्नलीने घेतलं."

एका दिवसात? मी म्हातारी आहे, बहिरी आहे, पण खुळी नाही. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की जूनच्या सुरुवातीलाच ल्यूकच्या गॅरेजमध्ये कुणाचा तरी फोन आला होता. "थॉर्नलीचा हितचिंतक." त्याला बाप गेल्याचं माहीत होतं. आईचं धुलाईघर माहीत होतं. "दोन-दोन दिसत होतं, ते आता थांबलं का," हेही त्याने विचारलं.

ते मी एकाच माणसाला लिहिलं होतं.

मुलीने पोर्टलवर नाव घालायच्या आधी तिच्याशी बोलायला बंदी आहे, हे तुला मीच शिकवलं होतं. पण नियमाचं जाऊ दे. मी त्या पोरीची हकिकत माझ्या भावाच्या लेकीला सांगितली, घरातलं माणूस म्हणून. तू ती उचलून फळ्यावर मांडलीस. तिच्या नावासमोर काय शेरा लिहिलास ग? "बाप मेलाय, पटकन हो म्हणेल"?

मला तुझ्या अक्षराची किळस आली. पाकीट उघडायलाही नको वाटतं.

पोरीला मी काही बोलले नाही. "जा, चांगलं खेळ," म्हटलं. पूर्ण फी माफ, राहणं-खाणं मोफत, मी तिला कशाच्या जोरावर अडवू? पण एवढं तरी कर. तिकडच्या डॉक्टरांना तिच्या डोक्याचं सांग. नीट तपासू देत.

लोर्ना

*

थॉर्नली, ९ जुलै २०२२

आत्या,

तुझा राग मान्य आहे. पण थोडं ऐक.

तुझ्या बसची मागची खिडकी पुठ्ठ्याने बंद आहे. संघात चौदा मुली. रेनी तिथे राहिली असती तर आणखी दोन वर्षं त्याच चार कॉलेजांविरुद्ध खेळली असती आणि मग धुलाईघरात आईशेजारी उभी राहिली असती. इथे ती शिकेल, लोक तिला बघतील. माझ्यामुळे तिला दार उघडलं. ते कसं उघडलं हे मला विचारू नकोस. इथे सगळे तसंच उघडतात.

तो फोन मी केला नव्हता. हॅलोरनचा एक मित्र आहे, अशी कामं तो करतो. मी फक्त माहिती दिली.

डोक्याची काळजी करू नकोस. डॉक्टरांकडे सगळं पोचलं आहे.

मारेन

*

पाइक फॉल्स, ४ ऑक्टोबर २०२२

मारेन,

भांडायला लिहीत नाही. रेनीची आई काल दुकानात भेटली. म्हणाली, पोरगी फोन उचलत नाही, उचललाच तर "झोपले होते" म्हणते. दुपारी दोन वाजताही झोपलेली. ती कधी दुपारी झोपणारी नव्हती.

जेवते का नीट? मैत्रिणी झाल्या का? तेवढं कळव.

इथे गोलात मी सॉफ्टबॉलची एक पोरगी उभी केली आहे. चेंडू आला की ती बाजूला होते. शहाणी आहे.

लोर्ना

*

थॉर्नली, २९ ऑक्टोबर २०२२

आत्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंचवीस दिवस लागले. रोज लिहायला बसत होते. आता सगळं लिहिते, तू फाडून टाकलंस तरी चालेल.

ऑगस्टमध्ये हॅलोरनने पोर्टलवरून आणखी दोन गोलरक्षक घेतल्या. मला विचारलं नाही. मी म्हटलं, "रेनीला आपण गोल तिचाच म्हणून सांगितलं होतं." तो म्हणाला, "तिघींनाही तेच सांगितलंय. स्पर्धा असली की धार येते." म्हणजे रेनी तिसरी. तिसरीचं काम एकच. सरावात समोर उभं राहायचं आणि बाकीच्यांना नेम धरू द्यायचा. दिवसाला दीडशे चेंडू.

या महिन्याच्या वीस तारखेला एक चेंडू तिच्या कपाळावर, हेल्मेटच्या जाळीवर बसला. ती गवतावर बसली. मी धावत गेले. "ठीक आहे," म्हणाली, "बुटाची नाडी सुटली होती." हातमोजे काढून तिने परत घातले, ते उलटसुलट. डावा उजव्या हातात. अंगठा कुठे घालायचा ते तिला कळत नव्हतं आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती. मागून हॅलोरन ओरडला, "चला, पुढचा चेंडू." आणि पुढचा चेंडू आला.

त्यानंतर तीन दिवस ती खोलीतून बाहेर आली नाही. आता तिला उजेड सहन होत नाही. वाक्याच्या मध्येच शब्द हरवतात. काल मला म्हणाली, "ते काय ते, पाणी प्यायचं असतं ते." तिला पेला म्हणायचं होतं.

आता माझं. डॉक्टरांकडे सगळं पोचलं आहे, असं मी तुला लिहिलं ते खोटं. ऑगस्टमध्ये तिने तपासणीचा फॉर्म भरला तेव्हा मी शेजारी बसले होते. एक प्रश्न होता, पूर्वी डोक्याला मार लागला आहे का. तिने पेन थांबवलं. विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी कागदावर जे दिलंय तेवढंच लिही." ती म्हणाली, "कागद तर नाहीच काही." तिने माझ्याकडे पाहिलं, मी बाटलीचं झाकण फिरवत होते. तिने "नाही" वर खूण केली.

तेव्हाच मला कळलं, की तूही मला खोटं लिहिलं होतंस. कुठल्याही डॉक्टरांना दाखवलं नव्हतंस. आणि तुझा तो अंतिम सामना मी परवा पुन्हा पाहिला. शिट्टी वाजल्यावर सगळ्या तुझ्याकडे धावतात आणि रेनी दुसऱ्या संघाच्या बाकाकडे चालत जाते. तिथल्या मुली हसतात, तिला वळवून पाठवतात. तूही हसते आहेस. पहिल्यांदा बघताना मीही हसले होते.

मला माझी घाण वाटते, आत्या. पण त्यात मी एकटी नाही, हेही मला आज लिहायचं होतं.

मारेन

*

पाइक फॉल्स, ६ नोव्हेंबर २०२२

मारेन,

पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं.

खरं आहे. डॉक्टरांना दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तर ते महिनाभर खेळू नको म्हणाले असते, आणि अंतिम सामना सात दिवसांवर होता. माझ्याकडे दुसरी गोलरक्षक नव्हती आणि चौतीस वर्षं माझं कपाट रिकामं होतं.

त्या शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत ती कपाटाचं दार धरून उभी होती. दार सोडलं की हलत होती. मी बघितलं. माझे कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. जवळ जाऊन विचारलं, "डोकं दुखतंय का?" कसं विचारलं ते सांगू? जाकिटाची चेन लावता लावता, घड्याळाकडे बघत. ती "नाही" म्हणाली. मी लगेच पाठ फिरवली, तिने शब्द बदलायच्या आत.

तुझ्या हॅलोरनच्या नखांची मला शिसारी आली होती. तुझ्या अक्षराची आली होती. आज सकाळी आरशासमोर दात घासत होते आणि तोंडातला फेस थुंकला तेव्हा वाटलं, आपण वेगळ्या नाही. त्याने फळा आखला, मी आखला नाही, इतकंच. तू निदान लिहून हात धुतलेस. मी तर चषकावर हात फिरवला.

आता काय केलं ते ऐक. गुरुवारी क्रीडाप्रमुखांकडे गेले आणि तारखांसकट सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "लोर्ना, आता जाऊ दे ना, मुलगी तर आपल्याकडे नाहीच." त्या वाक्याला मी खुर्चीतून उठले. राजीनामा दिला. चषक परत पाठवा म्हणून सांगितलं, ते पाठवणार नाहीत, मला माहीत आहे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे.

मग रेनीच्या आईकडे गेले. कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं सांगितलं. तिने घड्या घालणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "माझ्या पोरीने तुमच्यासाठी कपाळ फोडून घेतलं असतं. तुम्ही फोडून घेतलंत." मी उभी राहिले. तिने एक चादर झटकली, मी निघाले.

थॉर्नलीच्या डॉक्टरांनाही पत्र टाकलंय. तीस एप्रिल, सात मे, सगळं. तुझं नाव त्यात घातलेलं नाही. फॉर्मच्या वेळी शेजारी कोण बसलं होतं ते मी सांगून उपयोग नाही. ते तुझ्या तोंडून आलं पाहिजे.

लोर्ना आत्या

*

थॉर्नली, २६ नोव्हेंबर २०२२

प्रिय आत्या,

तुझं पत्र डॉक्टरांना मिळालं. डॉक्टरांनी ते हॅलोरनला दाखवलं आणि हॅलोरनने विद्यापीठाच्या वकिलीणबाईंना. मला वाटलं होतं, आता रेनीची नीट तपासणी होईल, तिची माफी मागतील. त्यांनी काय केलं ठाऊक आहे? तिचा फॉर्म बाहेर काढला. "नाही" वरची खूण दाखवली. म्हणाले, या मुलीने माहिती दडवली, खोटं लिहून आपल्याला फसवलं, तेव्हा फीमाफी रद्द करता येईल. तुझ्या पत्राने तिच्याच गळ्याला फास लागत होता.

हॅलोरनने मला खोलीत बोलावलं. खूश होता. च्युइंगम चघळत म्हणाला, "सुटलो बघ. एक जागा रिकामी झाली." मागे फळ्यावर 'जाणाऱ्या'मध्ये रेनीचं नाव लिहिलेलं होतं. शाई अजून ओली होती.

मागच्या आठवड्यात गुरुवारी चौकशी झाली. लांब टेबल, थंडगार कॉफी, वकिलीणबाई, क्रीडाप्रमुख, हॅलोरन आणि मी. रेनीला काळा चष्मा लावून आणून बसवलं होतं. तिची आई येऊ शकली नव्हती. वकिलीणबाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

"ही खूण तुमची?"

"हो," रेनी म्हणाली.

"कुणी तुम्हाला तसं करायला सांगितलं?"

तिने मान हलवली. "नाही. मीच केली."

आत्या, ती मला वाचवत होती. ती तिथे एकटी, डोळ्यांवर काळी काच, समोर चार मोठी माणसं, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी पुढे होऊन फॉर्म माझ्याकडे ओढला. म्हटलं, "मी शेजारी बसले होते. तिने मला विचारलं होतं. तिला मार लागलेला मला मे महिन्यापासून माहीत होतं. हॅलोरनलाही माहीत होतं, मीच सांगितलं होतं. तिचं नाव पोर्टलवर यायच्या आधी तिच्या भावाला फोन गेला, तो कुणी केला तेही सांगते."

हॅलोरन म्हणाला, "मारेन दमली आहे. सराव लांबला."

वकिलीणबाईंनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "आपण थोडं थांबू या का?"

मी म्हटलं, "थांबू नका. लिहून घ्या."

रेनीने माझ्याकडे पाहिलंही नाही. टेबलावर हात ठेवून बसली होती. तिला आवाजाचा त्रास होत होता, हे मला उशिरा कळलं. मग मी हळू बोलले.

शेवट असा झाला. रेनीची फीमाफी राहिली, शिकायचं तर शिकू शकेल, पण ती घरी गेली. उपचाराचा खर्च विद्यापीठ देणार. मला काढलं. हॅलोरनला ताकीद मिळाली, कागदावर, एका परिच्छेदाची. तो आहे तिथेच आहे.

सामान घ्यायला गेले तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये भेटला. मला वाटलं, शिव्या देईल. त्या मी ऐकून घेतल्या असत्या. तो म्हणाला, "जायच्या आधी त्या उरलेल्या तीन मुलींचे शेरे लिहून देशील का? तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत." तो खरंच स्तुती करत होता. आणि आत्या, क्षणभर मला बरं वाटलं. त्या क्षणाची जेवढी किळस आली तेवढी त्या सगळ्या वर्षात कशाची आली नव्हती.

रेनीला चार पानांचं पत्र लिहून पाठवलं आहे. काहीही लपवलं नाही त्यात. तिला मिळालं का, कळलं तर सांग.

मारेन

*

पाइक फॉल्स, १५ जानेवारी २०२३

प्रिय मारेन,

मिळालं. पण आधी बाकीचं सांगते.

दर मंगळवारी मी रेनीला डॉक्टरांकडे घेऊन जाते. दीड तास जायला, दीड तास यायला. आईला रजा मिळत नाही आणि ल्यूकची गाडी बर्फात चालत नाही, म्हणून नाइलाजाने माझी गाडी चालते त्यांना. क्षमा वगैरे काही नाही त्यात. रेनी मागच्या सीटवर बसते. पहिले चार मंगळवार एक शब्द बोलली नाही. मी रेडिओ लावत नाही, आवाज सोसत नाही तिला. तसंही मला तो ऐकू येत नाही.

पाचव्या मंगळवारी, नदीवरच्या पुलावर, मागून काहीतरी बोलली. मला कळलं नाही. गाडी बाजूला घेतली, मागे वळून बसले. म्हटलं, "पुन्हा सांग, माझ्याकडे बघून सांग." तिला शब्द जुळवायला वेळ लागला. मी थांबले.

म्हणाली, "तुम्ही मला विचारलंत. मारेनला मी विचारलं. दोघींना माझ्याकडून 'नाही'च हवं होतं. मला ते दिसत होतं. म्हणून म्हणाले."

मी म्हटलं, "हो. तसंच होतं."

"मला वाटायचं, तुमचं दोघींचं माझ्यावर प्रेम आहे."

"होतं, रेनी."

"मग ते असलं कसलं?"

चौतीस वर्षांत एवढ्या पोरी हाताखालून गेल्या, कुणी मला हे विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. गाडीच्या काचेवर आतून वाफ जमली, ती पुसून मी गाडी सुरू केली.

डॉक्टर म्हणतात, बरंच परत येईल, सगळं नाही. शब्द सापडायला लागलेत. वसंतात इथल्याच कॉलेजात एक विषय घेणार आहे, कानाने ऐकून शिकायचा. मैदानाच्या बाजूला फिरकत नाही. माझ्या जागी आलेला नवीन प्रशिक्षक तिला भेटायला गेला होता, तिने दार उघडलं नाही.

हॅलोरनने नवीन यादी जाहीर केली आहे. सात मुली. पेपरात फोटो आलाय, सगळ्या एकसारख्या हसताहेत. मी तो बघून तुझ्यासारखी हात धुवायला गेले नाही. एकेक चेहरा नीट पाहिला.

आता तुझं पत्र. ते तिच्या उशाशी आहे, न उघडलेलं. अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर पोहतात, एक ओळही वाचता येत नाही. आईने वाचून दाखवते म्हटलं, तर रेनी म्हणाली, "नको. ज्याचं आहे त्याने सांगावं."

तेव्हा आता तिला पत्र पाठवू नकोस. मलाही नको. गाडीत बस आणि ये. मंगळवारी ये, मागच्या सीटवर तिच्या शेजारी जागा असते. हळू बोल, मध्येमध्ये थांब. ती ऐकेलच असं नाही. न ऐकता दीड तास खिडकीबाहेर बघत बसली, तर तेवढा वेळ तिच्या शेजारी बसून राहा.

लोर्ना आत्या